सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांचा व्यायाम आणि विरंगुळा: सुरुवात कशी करावी?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. ठाणे शहरात घोडबंदर रोडला आमची चार विंगची सोसायटी. क्लबहाऊसचा हॉल आठवड्यातले पाच दिवस ज्येष्ठांना द्यायचा ठराव कमिटीत झालाय आणि पुढची जुळवाजुळव माझ्या गळ्यात पडलीय. परिस्थिती अशी:

हॉल तळमजल्यावर, ४० बाय २२ फूट, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. मोल्डेड प्लॅस्टिकच्या हातवाल्या खुर्च्या पन्नासेक. टॉयलेट बाहेर पॅसेजमध्ये, मधे एक पायरी.

नावं दिलेले ३४ जण, २१ बायका आणि १३ पुरुष, वय ६२ ते ८४. दोघींचे गुडघे बदललेले, तिघं इन्सुलिनवर, एक आजोबा काठी घेऊन चालतात, बीपीची गोळी तर निम्म्याहून जास्त जण घेतात. चालणं बहुतेकांचं रोजचंच आहे, सकाळी पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या मजल्यावर, फेऱ्या असतात.

आता रोज चालणाऱ्यांना हॉलमध्ये बोलावून वेगळं काय करून घ्यायचं? योगशिक्षक मिळतायत, पण निम्म्या लोकांना जमिनीवर बसता येत नाही. वेळेवरून तर दोन तट पडलेत, पहाटे सहावाले आणि संध्याकाळवाले. व्यायामाशिवाय काय ठेवलं म्हणजे दोन महिन्यांत हॉल ओस पडणार नाही? आणि कोणाला काही झालं तर काय, ही कमिटीची मुख्य धास्ती. अनुभवी लोकांनी नेमकं सांगावं.

नेरुळची फिजिओ

चालणं त्यांचं त्यांना करू द्या. हॉलमध्ये पायातली ताकद आणि तोल, एवढ्या दोनच गोष्टी धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, तो चालण्यातून होतो. पण त्याच सूचनांत ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस आणि तोलाचे किमान तीन दिवस, असंही म्हटलंय. आपल्याकडे हे दोन्ही कोणी करत नाही. रोज पाच हजार पावलं चालणाऱ्या काकूंना सोफ्यावरून हात न टेकता उठता येत नाही, हे दृश्य घरोघरी आहे. पडायला होतं ते उठताना, वळताना, बाथरूमच्या उंबऱ्यावर. पोडियमच्या सरळ फेऱ्यांनी तिथली तयारी होत नाही.

पहिल्या दिवशी व्यायाम घेऊच नका, तीन चाचण्या घ्या आणि वहीत लिहा.

पहिली उठ-बस. सीटची उंची सुमारे ४३ सेंटीमीटर, खुर्चीची पाठ भिंतीला, हात छातीवर फुलीसारखे. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या बाईला ११ आणि पुरुषाला १२ तरी यायला हवेत. ७५ ते ७९ ला अनुक्रमे १० आणि ११, ८० ते ८४ ला ९ आणि १०. हात टेकून उठावं लागलं तर आकडा शून्य लिहायचा. वाईट वाटतं, पण शून्यच लिहायचा, नाहीतर तीन महिन्यांनी झालेली प्रगती कळणारच नाही.

दुसरी, खुर्चीतून उठून तीन मीटरवरच्या खुणेपर्यंत नेहमीच्या चालीने जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरा. काठीवाल्या आजोबांची चाचणी काठीसकटच.

तिसरी तोलाची. आधी पावलं जोडून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावून, प्रत्येक ठिकाणी १० सेकंद. टाच-चवडा १० सेकंद न जमणाऱ्यांना वेगळ्या यादीत टाका. प्रत्येकाच्या शेजारी हाताच्या अंतरावर एक माणूस उभा हवाच.

आता जागेचं गणित. हॉल ८८० चौरस फूट, एका माणसाला खुर्चीसकट पाच बाय सहा फूट लागतात. ३४ जणांना १,०२० होतात, म्हणजे सगळे एकदम मावत नाहीत. सतरा-सतराच्या दोन बॅचेस करा आणि खुर्च्या मधे न मांडता भिंतीलगत मांडा. चारही भिंती मिळून १२४ फूट, दारं सोडून १०० धरले तरी जवळजवळ सहा-सहा फुटांवर एक खुर्ची येते. शिकवणारा मधे. खुर्ची भिंतीला टेकलेली असणं महत्त्वाचं, कारण मोल्डेड खुर्चीवर एका बाजूला जोर आला की तिचे पाय गुळगुळीत टाइलवर बाहेरच्या बाजूला फाकतात आणि माणूस खुर्चीसकट खाली जातो. उन्हात राहिलेल्या जुन्या खुर्च्या तर पायाच्या मुळाशी तडकतात. पन्नासातल्या वीस धडधाकट निवडून त्यांवर रंगाची खूण करा आणि त्याच वापरा.

पाऊण तासाचा आराखडा:

पहिली सहा-सात मिनिटं बसून. जागच्या जागी पावलं, खांदे मागे फिरवणं, घोटे वर-खाली. मान फक्त डावीकडे-उजवीकडे, सावकाश. मानेचे गोल गोल फेरे नकोत, चक्कर येणाऱ्यांना त्यानेच चक्कर येते.

मग पंधरा-अठरा मिनिटं ताकद. उठ-बस ८ वेळा, मिनिटभर आराम, पुन्हा ८. बसून एकेक गुडघा सरळ करून तीन आकडे धरायचा, प्रत्येकी १०. मग उभं राहून. इथे खुर्ची फिरवून घ्यायची, बसायची बाजू भिंतीकडे आणि पाठ आपल्याकडे, म्हणजे धरायला पाठ मिळते आणि खुर्ची सरकत नाही. ती धरून पाय बाजूला १०-१०, टाचा उचलणं १०, चवडे उचलणं १०. शेवटी भिंतीवर हात टेकून भिंतीचे जोर, ८ ते १०.

तोलाला दहा मिनिटं. एका हाताने भिंत धरून टाच-चवडा चाल दहा पावलं, आडवं चालणं दहा पावलं इकडे आणि दहा तिकडे, दोन खुर्च्यांभोवती इंग्रजी आठचा आकडा. उरलेल्या वेळात भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणणं, आणि मग दोन मिनिटं नुसतं बसणं. हे शेवटचं बसणं कोणी गाळू नये. बीपीच्या काही गोळ्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्या घेणाऱ्यांचं बीपी व्यायामानंतर उभं राहताना झपकन खाली येतं.

वाढवायचं कसं? लागोपाठ दोन वेळा सगळे आकडे आरामात जमले की एकच गोष्ट वाढवायची. उठ-बशीत आधी दोन हात टेकून, मग एक, मग हात न लावता, मग बसताना तीन आकडे मोजत सावकाश. गुडघा सरळ करायला आधी नुसता पाय, मग घोट्याला अर्ध्या किलो वजनाची पट्टी. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातला पडणं टाळण्याचा व्यायामक्रम याच धर्तीवर आहे, आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास ताकद-तोल आणि वेगळं चालणं.

बिघडतं कुठे ते सांगते. एक, शिकवणारा मोठ्याने आकडे मोजतो आणि सगळे श्वास रोखून धरतात, बीपी तिथेच चढतं. आकडे सगळ्यांनी मिळून म्हणायचे, बोलताना श्वास रोखता येत नाही. दोन, नाडी मोजून व्यायाम ठरवणं. बीटा-ब्लॉकर प्रकारच्या बीपीच्या गोळीवर नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे तो आकडा फसवतो. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम बरोबर. तीन, उत्साहाच्या भरात पुढे वाकून अंगठे धरायला लावणं. हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या मणक्याला ते वाकणं आणि पीळ देणं दोन्ही घातक. कपालभाती हर्निया, काचबिंदू, हृदयविकार आणि ताब्यात नसलेल्या बीपीत नको. गुडघे बदललेल्या दोघींना मांडी घालणं आणि गुडघ्यावर बसणं नको, बाकी सगळं चालतं. योगशिक्षक ठेवायचेच असतील तर खुर्चीवरची आसनं घेणारे बघा.

पायात मोजे घालून टाइलवर कोणालाही उभं करू नका. अनवाणी चालेल, पण मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल त्यांनी मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घालूनच.

बोरिक पावडर

वा, आकड्यांसकट उत्तर! आमच्या खात्यातलं, म्हणजे खेळांचं, सांगतो.

कॅरम ठेवणारच असाल तर दोन बोर्ड ठेवा. एकच असला की चार पट्टीचे खेळाडू तो बळकावतात आणि बाकीचे उभे राहून बघत बसतात. एक बोर्ड सरावाच्या खेळाडूंना, दुसऱ्यावर येईल त्याने बसायचं. खेळायचा पृष्ठभाग ७४ बाय ७४ सेंटीमीटरचा पूर्ण मापाचा घ्या, लहान बोर्डावर थरथरणाऱ्या बोटांना कोपऱ्यातली सोंगटी मारता येत नाही. स्टँडची उंची ६३ ते ७० सेंटीमीटर असते, पण खरी अडचण खुर्चीची. हातवाली खुर्ची बोर्डाखाली जात नाही, मग माणूस पुढे झुकून खेळतो आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. कॅरमसाठी चार-आठ बिनहाती खुर्च्या वेगळ्या घ्या.

स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा चालतो. संधिवाताच्या बोटांना जड स्ट्रायकर सोपा, कारण कमी जोरात काम होतं. नखाने टिचकी मारणाऱ्यांची बोटं सुजतात, त्यांना मधलं बोट अंगठ्यात अडकवून सोडायला शिकवा. पावडर चिमूटभरच, आणि पावसाळ्यात खेळ संपला की कोरड्या फडक्याने बोर्ड पुसून उभा करून ठेवा. दमट हवेत भिंतीला टेकवून आडवा-तिडवा ठेवलेला प्लाय पोट काढतो आणि मग सगळ्या सोंगट्या एकाच कोपऱ्याकडे पळतात. सांडलेली पावडर टाइलवर राहिली तर दुसऱ्या सकाळी व्यायामाला आलेला माणूस घसरतो, हे विसरू नका. बोर्डाखाली सतरंजी नको (पाय अडकतो), खेळ झाला की ओलं फडकं मारायचं.

गेम २५ पॉइंटचा किंवा ८ बोर्डांचा (इथे बोर्ड म्हणजे एक डाव) हा स्पर्धेचा नियम इथे लावलात तर पुढचे लोक ताटकळतील. दोन बोर्ड झाले की उठायचं.

पत्ते चालतात. पैसे लावून मात्र नाही, पाच रुपयेसुद्धा नाहीत. भांडण पाच रुपयांवरूनच होतं, आणि कमिटी हॉल काढून घेते तीही त्यावरूनच.

सानपाडा कट्टा

वेळेबद्दल लिहितो, कारण मंडळं मोडतात ती वेळेवर.

पहाटे सहा म्हणणारे बहुतेक पुरुष असणार, बघा विचारून. सकाळी सात ते साडेआठ नातवंडांची स्कूलबस, डबे, कामवाली. साडेअकराला परत स्वयंपाक. बायकांना खरंच मोकळा वेळ असतो तो साडेदहा ते साडेअकरा आणि दुपारी चार ते साडेपाच. २१ बायकांनी नावं दिलीत म्हणताय, तर एक बॅच साडेदहाची आणि एक साडेचारची ठेवा. पहाटेवाले फेऱ्या मारतातच, ते साडेचारला येतील. उलटं केलंत तर महिन्याभरात हॉलमध्ये नऊ पुरुष उरतील आणि बायका म्हणे येतच नाहीत, अशी तक्रार तेच करतील.

आठवड्याची आखणी सोपी ठेवा. सोम-बुध-शुक्र व्यायाम. मंगळवारी खेळ. गुरुवारी गाणी, भजन, वाढदिवस, जे काय असेल ते. व्यायामानंतर लगेच घरी पाठवू नका, पंधरा मिनिटं चहा ठेवा. लोक चहासाठी येतात आणि व्यायाम करून जातात. चहा बिनसाखरेचा एका थर्मासात, साखरेचा दुसऱ्यात, थर्मासवर रंगीत रबरबँड. एकाच थर्मासातून चमच्याने साखर घालत बसलात तर वीस मिनिटं तिथेच जातात.

बसायची रचना गोल. ओळीत बसवलं की मागच्यांना ऐकू येत नाही आणि ऐकू न येणारा माणूस तक्रार करत नाही, तो यायचंच बंद करतो. टाइल, काच आणि मोकळ्या भिंती असलेल्या हॉलमध्ये आवाज घुमतो. एक-दोन भिंतींवर जाड पडदे लावा, पंखे मधल्या वेगावर, आणि बोलणाऱ्याने माइक तोंडासमोर न धरता हनुवटीखाली धरावा, म्हणजे ओठ दिसतात. कानाच्या मशीनवाल्यांना भिंतीकडे पाठ करून बसवा, पंख्याखाली नको.

टॉयलेटची ती पायरी आधी सोडवा. कडेला पिवळा पट्टा, बाजूला धरायला दांडा, वर दिवा. लघवीची घाई असलेला माणूस जिथे पायरी आहे तिथे जायचं टाळतो, म्हणजे पाणी पिणं टाळतो, म्हणजे एप्रिल-मेमध्ये गरगरून खाली बसतो.

व्हॉट्सअॅपचे दोन ग्रुप करा. एकावर फक्त अॅडमिन लिहील: वेळ, सुट्टी, वर्गणी. दुसऱ्यावर गुलाबाची फुलं आणि सुविचार मनसोक्त. एकाच ग्रुपवर दोन्ही ठेवलंत तर 'उद्या हॉल बंद' हा निरोप चाळीस सुप्रभातांखाली गाडला जातो आणि चार जण कुलपासमोर उभे राहतात. फोन न वापरणाऱ्यांसाठी लिफ्टमध्ये मोठ्या अक्षरातला कागद.

आणि मोबाइल शिकवणी महिन्यातून दोनदा ठेवा, गर्दी होते. दोन गोष्टी घोकून घ्या: पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, आणि फोनवरून कोणी अटक करत नाही. फसवणूक झालीच तर १९३० ला लगेच फोन, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

नोंदणीची घाई नको. सोसायटीपुरता गट असेल तर कमिटीचा ठराव आणि एक वही पुरते. बाहेरचे सभासद आणि देणग्या घ्यायच्या झाल्या की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, महाराष्ट्रात त्याबरोबर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेची नोंदणीही येते आणि दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. ते करायला माणूस आहे का, हे आधी बघा. राज्यभरातल्या संघांचा महासंघ फेस्कॉम, त्यांच्याकडे आदर्श घटना मिळू शकेल. आमच्या नवी मुंबईत पालिकेची विरंगुळा केंद्रं नोडनोडला आहेत, एकदा सवड काढून पाच-सहा जणांनी दुपारी जाऊन बघून या. काय चालतं आणि कुठल्या खुर्च्या रिकाम्या असतात ते डोळ्यांनी दिसेल.

हाहाहोहो, वाशी

सगळं फार गंभीर चाललंय हो. हास्यक्लब राहिलाच! १३ मार्च १९९५ ला मुंबईत लोखंडवालाच्या बागेत डॉ. मदन कटारियांनी पाच जणांना घेऊन सुरू केला, तिथून जगभर गेला. सामान काही लागत नाही.

वीस मिनिटांचा क्रम: तळवा तळव्याला आणि बोटं बोटांना लावून टाळ्या, 'हो-हो, हा-हा-हा' च्या ठेक्यावर, मिनिटभर. दोन दीर्घ श्वास. मग एकेक प्रकारचं हसू, पंधरा-वीस सेकंद, आणि प्रत्येकानंतर पुन्हा दोन श्वास. नमस्कार हसू, फोनवरचं हसू, ताक घुसळल्याचं हसू. समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, हीच त्यातली किल्ली आहे. सुरुवातीला खोटं हसू असतं, दुसऱ्या-तिसऱ्या प्रकाराला खरं फुटतं. विनोद सांगू नका, विनोद चार दिवसांत संपतात आणि पाचव्या दिवशी कोणाचं तरी मन दुखावतं.

कवळी सैल असलेल्यांनी ती आधी नीट बसवून यावं. हसू नका, हे घडतं.

नेरुळची फिजिओ

हाहाहोहो, विरोध नाही, पण तुमच्या यादीत चार नावं कमी करा: हर्निया असलेले, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेले, ताब्यात नसलेलं बीपी, आणि काचबिंदू. हसताना पोटात दाब वाढतो तो जोर लावल्यासारखाच. खोकला-शिंकेला लघवी सुटणाऱ्या बायका हास्यक्लबला येत नाहीत आणि कारणही सांगत नाहीत. त्यांना बसून, टॉयलेटच्या जवळची जागा द्या. आणि हास्य व्यायामाच्या शेवटी ठेवा, व्यायामाऐवजी नको. पायात ताकद हसून येत नाही.

उघड्यावर घेणार असाल तर सकाळी सहाच्या आत माइक लावू नका, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. वरच्या मजल्यावरची नाइट शिफ्टवाली मुलं तक्रार करतात ती याचीच.

घोडबंदरकर

खूप आभार, वहीत उतरवून घेतोय. वेळ साडेदहा आणि साडेचार पक्की. आणखी विचारतो: इन्सुलिनवाले तिघं आणि कमिटीची धास्ती यांचं काय करू? शिवाय बाजूच्या बागेत ओपन जिम आहे, तिथे न्यावं का? आणि खुर्च्या भिंतीला लावल्या तरी काठीवाल्या आजोबांना उभ्याने धरायला काहीतरी पक्कं हवं असं वाटतंय.

नेरुळची फिजिओ

इन्सुलिनवाल्यांनी व्यायामाआधी साखर तपासावी. १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊन दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. २५० च्या वर असेल आणि बरं वाटत नसेल तर त्या दिवशी चहाला बसा, व्यायाम नको. मधेच घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं तर बसवा आणि मोजा. ७० च्या खाली म्हणजे १५ ग्रॅम साखर, साधारण तीन भरलेले चहाचे चमचे पाण्यात विरघळवून किंवा तेवढंच ग्लुकोज. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. बिस्किटं आणि पेढे यासाठी उपयोगाचे नाहीत, त्यातल्या तुपा-मैद्यामुळे साखर चढायला वेळ लागतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट १०८. इन्सुलिन मांडीत घेऊन लगेच उठ-बशा काढल्या तर ते लवकर काम करू लागतं, म्हणून व्यायामाच्या दिवशी पोटात घ्यायचं का हे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

कमिटीच्या धास्तीवर उपाय कागदाचा. प्रत्येकाच्या गळ्यात पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं कार्ड: नाव, वय, विंग-फ्लॅट, चालू गोळ्या, कशाची अॅलर्जी, दोन फोन नंबर. त्यातला एक नंबर त्या वेळी ठाण्यातच असणाऱ्याचा हवा. मुलगा अमेरिकेत असेल तर त्याचा नंबर दुसरा. आणि आपल्या डॉक्टरांना विचारून आलो आहे, असं सहीने लिहून घ्या.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, अचानक धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, यातलं काहीही दिसलं की १०८. झंडू बाम, कांदा, पाणी, काही नको. १०८ ला फोन करणारा, गेटवर रुग्णवाहिकेला वाट दाखवणारा आणि लिफ्ट-पार्किंग मोकळं करणारा, अशी तीन माणसं आधीच ठरवून ठेवा. घोडबंदरला गाडी गेटपर्यंत येते आणि मग कुठली विंग, यात पाच मिनिटं जातात.

ओपन जिमबद्दल स्पष्ट सांगते. पाय पुढे-मागे झुलवायचं जे यंत्र असतं, ते तोलाची चाचणी न जमलेल्यांनी अजिबात नको. उतरताना एक पाय जमिनीवर आणि दुसरा हलत्या पायट्यावर, तिथेच माणूस पडतो. कंबर फिरवायची गोल चकती कंबरदुखी आणि ठिसूळ हाडांना नको. पाय ढकलायचं बसकं यंत्र चांगलं, पण त्यातलं वजन म्हणजे आपलं स्वतःचंच असतं, कमी-जास्त करता येत नाही. पावसाळ्यात पायटे निसरडे आणि पेव्हर ब्लॉकवर शेवाळ, तेव्हा जून ते सप्टेंबर बागेकडे फिरकू नका, फेऱ्या पार्किंगच्या पोडियमखाली मारा.

बोरिक पावडर

सहलीचं कोणी बोललं नाही म्हणून दोन ओळी. ७५ पूर्ण झालेल्यांना एसटीत मोफत आणि ६५ ते ७५ पर्यंत अर्धं तिकीट. बायकांना तर वयाची अट न लावता अर्धं. ही सवलत एसटीची आहे, शहरातल्या बसला तीच लागू होईल असं समजू नका. आधार कार्ड प्रत्येकाच्या खिशात असू द्या, फोटो मोबाइलमध्ये आणि मोबाइल घरी असं होतं.

पहिली सहल लांब नको. तलावपाळी किंवा उपवनला दोन तास पुरतात, सकाळी लवकर गेलात तर गर्दीही लागत नाही. खारघरचं सेंट्रल पार्क मोठं आहे, सगळं बघायच्या भानगडीत न पडता एक टोक धरा. नाटकाला जाताना आतल्या बाजूच्या सीटा न काढता वाटेकडेच्या काढा, बाल्कनी टाळा, आणि मध्यंतर व्हायच्या पाच मिनिटं आधीच टॉयलेटची पहिली तुकडी पाठवा.

सानपाडा कट्टा

आजोबांसाठी भिंतीला स्टीलचा दांडा लावून घ्या, पंधरा फूट लांब, जमिनीपासून ८५ ते ९० सेंटीमीटरवर, भिंतीपासून चार-पाच सेंटीमीटर सुटा, म्हणजे बोटं पूर्ण वळतात पण कोपर आत अडकत नाही. गोल नळी सव्वा ते दीड इंचाची, चौकोनी नको. ब्रॅकेट दर तीन फुटांवर. एकच जपा: क्लबहाऊसच्या आतल्या भिंती बऱ्याचदा जिप्सम बोर्डाच्या असतात. बोटाच्या पेराने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर ती भिंत सोडून विटांची किंवा काँक्रीटची धरा. विटांच्या भिंतीतही बोल्ट प्लॅस्टरच्या आत, विटेत किमान दोन इंच जायला हवा. लावून झाल्यावर सोसायटीतल्या सगळ्यात वजनदार तरुणाला त्याला लोंबकळायला सांगा. प्लॅस्टरमध्येच अडकलेला बोल्ट तेव्हाच निघेल.